उत्तर बरोबर आहे, मग पायऱ्या कशाला?

देवगड तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"माझी मुलगी यंदा दहावीला आहे. तोंडी हिशेबात फार चलाख. होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे किती आले, डिझेल आणि बर्फाचे किती गेले, वाटे कसे पडतात, हे ती बाबांच्या आधी सांगते. पण सहामाहीला बीजगणितात ४० पैकी १७ मिळाले. पेपर बघितला तर बरीच उत्तरं बरोबर आणि बाजूला लाल पेनाने शेरा, 'पायऱ्या?' एक उदाहरण असं होतं: पाच डझनी आणि सहा डझनी अशा एकूण ४० पेट्यांत मिळून २,६१६ आंबे आहेत, तर प्रत्येक प्रकारच्या पेट्या किती? हिने नुसतं लिहिलं, '२२ आणि १८'. तीनपैकी एक गुण. मी ओरडले तर म्हणते, 'आये, उत्तर बरोबर इला ना, मगे येवढा सगळा कशाक लिवचा?' मला काय सांगावं सुचेना. मी आठवीपर्यंत शिकले, बीजगणित येत नाही. आमच्या बचत गटाचा हिशेब तेवढा लिहिते. शेजारीण म्हणते, गाइडमधल्या रीती पाठ करून घे. तालुक्याला क्लास आहे, एसटीने जाण्या-येण्यात दोन तास मोडतात. क्लास लावू का?"

ताई,

आधी क्लासचं सांगते, कारण तेच तुमच्या डोक्यात घोळत असणार. आत्ता लावू नका. जी मुलगी २२ आणि १८ हे उत्तर मनातल्या मनात काढते, तिला तिथे जाऊन काय मिळणार? फळ्यावर दुसऱ्याने मांडलेल्या पायऱ्या ती वहीत उतरवून घेईल आणि संध्याकाळ स्टँडवर एसटीची वाट बघण्यात जाईल. तिला जे हवं आहे ते घरातच, दिवेलागणीनंतरच्या पाऊण तासात होण्यासारखं आहे. आणि त्यासाठी तुमची गरज आहे. बीजगणित न येणाऱ्या तुमचीच. ते कसं, ते पुढे सांगते.

मुलीने विचारलेला प्रश्न चांगला आहे. त्यावर "परीक्षेत गुण जातात म्हणून" एवढंच सांगितलं, तर तिला ते अर्धवट वाटेल, आणि ते अर्धवटच आहे.

मी ३२ वर्षं गणित शिकवलं. नोकरीच्या सुरुवातीला माझ्या वर्गात असाच एक मुलगा होता. प्रश्नाखाली एक ओळ, त्यात उत्तर, संपलं. मला वाटलं शेजारच्याचं बघून लिहितो. भर वर्गात तसं बोलले आणि शून्य दिलं. पुढच्या आठवड्यात त्याला फळ्यापाशी बोलावून वेगळंच उदाहरण घातलं. त्याने खडूला हातही लावला नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, आणि त्याची वाट माझ्या रीतीपेक्षा जवळची निघाली. मी वर्गासमोर त्याची माफी मागितली, पण तो त्यानंतर माझ्या तासाला फारसा बोलला नाही. ही गोष्ट मला आजही टोचते. तेव्हापासून कोरं उत्तर दिसलं की मी आधी विचारायची, "कसं केलंस, सांग बघू." लिहायला लावायचं ते नंतर.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. तुम्ही मासे साफ करत असाल किंवा तांदूळ निवडत असाल, तिला समोर बसवा आणि म्हणा, पेट्यांचं ते उदाहरण मला तोंडी सांग. माझा अंदाज आहे, ती साधारण असं सांगेल: २,६१६ आंबे म्हणजे २१८ डझन. सगळ्या पेट्या पाच डझनी असत्या, तर चाळीस पंचे दोनशे डझन झाले असते. म्हणजे १८ डझन वर राहिले. सहा डझनी पेटीत एकच डझन जास्त बसतो, म्हणून तशा पेट्या १८. राहिल्या २२, त्या पाच डझनी.

ऐकून घ्या आणि मग सांगा, हेच, तुझ्याच शब्दांत, एकाखाली एक लिही. चार-पाच ओळी होतील. त्यांच्या शेजारी पुस्तकी मांडणी ठेवू. पुस्तकात चलांना इंग्रजी अक्षरं असतात, मी इथे क्ष आणि य घेते.

समजा, पाच डझनी पेट्या क्ष आणि सहा डझनी पेट्या य आहेत.
क्ष + य = ४० … (१)
६०क्ष + ७२य = २६१६
दोन्ही बाजूंना १२ ने भागून, ५क्ष + ६य = २१८ … (२)
समीकरण (१) ला ५ ने गुणून, ५क्ष + ५य = २०० … (३)
समीकरण (२) मधून (३) वजा करून, य = १८
ही किंमत (१) मध्ये ठेवून, क्ष = २२

आता दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून बघा. १२ ने भागलं म्हणजे आंब्यांचे डझन केले. ५ ने गुणलं म्हणजे "सगळ्या पाच डझनी असत्या तर" असं धरलं. वजाबाकी केली म्हणजे "वर राहिले १८" म्हटलं. पुस्तक ज्याला चलाचा लोप करणं म्हणतं, ते तुमच्या मुलीने कुणी न शिकवता, पेट्या भरताना जसं सुचतं तसं केलं. तिला हे आवर्जून दाखवा. आपण मनात करतो ते एक आणि शाळेत लिहायचं ते दुसरंच, अशी तिची समजूत झालेली दिसते. ती समजूत गेली की निम्मं काम झालं.

सगळ्यात महत्त्वाची ओळ कोणती, तर "समजा" ची. मुलं हीच ओळ गाळतात आणि चार ओळींनंतर स्वतःच विसरतात की क्ष म्हणजे पेट्या, डझन की आंबे. जे माहीत नाही त्याला आधी नाव द्यायचं, ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्य पहिल्या अज्ञात राशीला यावत्तावत् म्हणत, म्हणजे "जेवढं असेल तेवढं", आणि थोडक्यात नुसतं "या" लिहीत. दुसरी अज्ञात राशी आली की तिला कालक, तिसरीला नीलक, अशी रंगांची नावं. म्हणजे "समजा" मागची कल्पना काही कालपरवाची नाही. तुम्हाला बीजगणित येत नसलं, तरी "हा क्ष म्हणजे काय गं? पेट्या की आंबे?" एवढं विचारता येतं. तिला पटकन सांगता आलं नाही, तर गोंधळ तिथेच आहे.

आणखी एक खोड तिच्या वहीत आहे का ते बघा. तोंडी हिशेबात पटाईत असलेली मुलं कागदावर बहुतेक वेळा असं लिहितात:

४० × ५ = २०० − २१८ = १८

ओळ वाचली तर ती म्हणते, चाळीस पंचे अठरा. शिवाय २०० मधून २१८ वजा केले, ते उलटंच. मनात सगळं बरोबर होतं, पण बरोबरचं चिन्ह "आणि मग" अशा अर्थाने वापरलं गेलं. बरोबरचं चिन्ह म्हणजे तराजू, दोन्ही पारड्यांत सारखंच वजन हवं. खरं तर इथे दोन ओळी आहेत, ४० × ५ = २०० आणि २१८ − २०० = १८. एका ओळीत एकच गोष्ट लिहायची, एवढा नियम महिनाभर पाळला तरी वही वेगळी दिसायला लागते.

आता तिच्या "कशाक लिवचा?" कडे येते. तुम्ही बचत गटाचा हिशेब लिहिता, असं पत्रात सहज लिहून गेलात, पण मला तेच फार मोलाचं वाटलं. महिन्याच्या बैठकीत एखादी म्हणाली, "शिल्लक ४,३५० कशी? माझ्या हिशेबाने ४,६५० हवी," तर तुम्ही काय करता? आवाज चढवून "मी सांगते ना, ४,३५० च" असं म्हणत नाही. वही उघडता, मागच्या महिन्याची शिल्लक, जमा झालेली वर्गणी, दिलेलं कर्ज, आलेलं व्याज, असं बोट ठेवत खाली येता. कुठेतरी ३०० ची नोंद राहिलेली सापडते, तुमच्या बाजूने किंवा तिच्या. वहीत नुसती शेवटची शिल्लक लिहिलेली असती, तर भांडण झालं असतं आणि चूक तशीच राहिली असती. ती वही एकदा मुलीपुढे ठेवा. गणिताच्या पायऱ्या याच कामासाठी असतात. मागे जाऊन बोट ठेवता यावं म्हणून.

"पण माझं उत्तर बरोबरच असतं," असं ती म्हणेल. तेव्हा तिला एक खेळ द्या. आपल्याच किनाऱ्यावर डहाणूला १९०५ साली जन्मलेले द. रा. कापरेकर पुढे देवळालीला शाळेत शिक्षक होते. त्यांनी शोधलेली ही गंमत जगभर त्यांच्या नावाने ओळखतात. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करायची. आलेल्या संख्येवर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येतेच, आणि पुढे तीच येत राहते.

३५२४ घेऊ. ५४३२ − २३४५ = ३०८७. मग ८७३० − ०३७८ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. तीन वजाबाक्यांत पोचलो.

आता समजा, पहिल्याच वजाबाकीत ती शतकाच्या घरातून उसना दिलेला एक कमी करायला विसरली आणि ३०८७ ऐवजी ३१८७ लिहिलं. पुढे सगळं नीट केलं: ८७३१ − १३७८ = ७३५३, मग ७५३३ − ३३५७ = ४१७६, मग ७६४१ − १४६७ = ६१७४. उत्तर तेच! चूक पोटात घेऊनसुद्धा. नुसतं शेवटचं ६१७४ दाखवणाऱ्या दोन मुलींपैकी बरोबर कुणी केलं, हे तुम्हाला कळणारच नाही. पायऱ्या बघितल्या तर लगेच कळतं. तिला मुद्दाम एक चूक करून बघायला सांगा, मजा येईल आणि मुद्दाही पोचेल. कापरेकरांची संख्या अशा चुका पोटात घालते. बोर्डाच्या पेपरातली उदाहरणं घालत नाहीत.

आता थोडं अवघड सांगते, कारण खरी काळजी मला याची आहे. आज ती तोंडी जमणाऱ्या उदाहरणांत गुण घालवते आहे. वर्गसमीकरणांची शाब्दिक उदाहरणं आली की मनातल्या मनात उत्तर येणं बंद होईल, आणि तोवर लिहून विचार करायची सवय लागलेली नसेल. हुशार मुलं दहावीत अचानक "गणित नको" म्हणायला लागतात, ती बरीचशी याच वळणावर. हे उदाहरण तिला घाला, तिच्या बाबांनाही ऐकू द्या:

खाडीत ओहोटीचं पाणी ताशी २ किलोमीटर वेगाने समुद्राकडे वाहत आहे. एक होडी प्रवाहाविरुद्ध १२ किलोमीटर आत जाते आणि लगेच फिरून प्रवाहाबरोबर तेवढीच परत येते. एकूण अडीच तास लागतात. संथ पाण्यात होडीचा वेग किती?

तोंडी हिशेब करणारं पोर पटकन म्हणेल, २४ किलोमीटर अडीच तासांत, म्हणजे ताशी ९.६. जाताना प्रवाहाने अडवलं, येताना ढकललं, फिटंफाट झाली. अगदी पटण्यासारखं वाटतं. पण ताळा घ्या. जाताना वेग ७.६, म्हणून १२ किलोमीटरला सुमारे ९५ मिनिटं. येताना ११.६, म्हणून सुमारे ६२ मिनिटं. बेरीज १५७ मिनिटं, आणि हवीत १५०. जुळत नाही.

आता लिहून करू. समजा, संथ पाण्यात होडीचा वेग ताशी क्ष किलोमीटर आहे. प्रवाहाविरुद्ध वेग क्ष − २, प्रवाहाबरोबर क्ष + २. वेळ म्हणजे अंतर भागिले वेग, म्हणून

१२/(क्ष − २) + १२/(क्ष + २) = ५/२

डाव्या बाजूची बेरीज केली की वर १२(क्ष + २) + १२(क्ष − २), म्हणजे २४क्ष, आणि खाली क्ष² − ४. तिरकस गुणाकार करून

४८क्ष = ५(क्ष² − ४)
५क्ष² − ४८क्ष − २० = ०

अवयव पाडायला ५ आणि −२० यांचा गुणाकार −१००. गुणाकार −१०० आणि बेरीज −४८ येणाऱ्या संख्या −५० आणि २.

५क्ष² − ५०क्ष + २क्ष − २० = ०
५क्ष(क्ष − १०) + २(क्ष − १०) = ०
(क्ष − १०)(५क्ष + २) = ०

म्हणून क्ष = १० किंवा क्ष = −२/५. वेग ऋण असू शकत नाही, म्हणून क्ष = १०. हे वाक्य लिहायचंच. इथे गणित आपल्याला दोन उत्तरं देतं आणि कोणतं ठेवायचं ते आपण खाडीकडे बघून ठरवतो. ताळा: जाताना १२ भागिले ८, दीड तास. येताना १२ भागिले १२, एक तास. अडीच तास झाले.

मग ९.६ का चुकलं? पायऱ्या समोर आहेत, म्हणून कारणही दिसतं. होडी प्रवाहाविरुद्ध दीड तास होती आणि प्रवाहाबरोबर फक्त एक तास. प्रवाहाने तीन किलोमीटर मागे खेचलं आणि दोनच परत दिले. म्हणजे इंजिनाने स्वतःच्या जोरावर २४ नाही, २५ किलोमीटर कापले. पंचवीस भागिले अडीच, दहा. तिच्या बाबांना हे कागदाशिवाय ठाऊक असणार, पाण्याविरुद्ध गेलेला वेळ भरून निघत नाही ते. पण तो तोटा नेमका किती, हे सांगायला कागद लागतो.

एवढं मोठं उदाहरण लिहिताना ती मध्येच अडेल. तेव्हा तुम्ही "पुढे कर" म्हणू नका. तिला वरून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचायला सांगा आणि प्रत्येक ओळीला विचारा, "ही वरच्या ओळीतून कशी आली?" एवढंच. उत्तर तुम्हाला कळलं नाही तरी चालेल. तिला अडखळताना तुम्ही ऐकाल, आणि ती स्वतः त्याआधी ऐकेल. ज्याला गणित येतं तो माणूस इथे घाई करतो, पुढची ओळ स्वतःच सांगून टाकतो. माझ्या हातून ते वर्षानुवर्षं झालं. तुमच्या हातून होणार नाही, म्हणून मी सुरुवातीला तुमचीच गरज आहे म्हटलं.

गाइड पाठ करून घेऊ नका. ४० पेट्यांच्या जागी ५५ पेट्या आल्या की पाठ केलेलं कोसळतं. त्यापेक्षा बालभारतीच्या पुस्तकात जी सोडवलेली उदाहरणं आहेत, त्यांतलं एक रोज घ्या. उकल कोऱ्या कागदाने झाका. कागद एक ओळ खाली सरकवायचा, आणि पुढची ओळ काय असेल ते तिने आधी वहीत लिहायचं, मग कागद सरकवून बघायचं. वेगळी आली तर लगेच खोडायचं नाही, पुस्तकाची ओळ आणि आपली ओळ दोन्ही खऱ्या आहेत का ते बघायचं. पुष्कळदा दोन्ही खऱ्या असतात. ज्या दिवशी ती म्हणेल, "पुस्तकापेक्षा माझी वाट जवळची आहे," त्या दिवशी तिला आवडीचं काहीतरी करून घाला.

परीक्षेचं थोडक्यात. बोर्डाला भाग १ बीजगणित आणि भाग २ भूमिती असे दोन पेपर, प्रत्येकी ४० गुण, दोन तास. गुण पायरीवार मिळतात, म्हणजे शेवटी आकडेमोड चुकली तरी समीकरणं बरोबर मांडल्याचे गुण हाती राहतात. नुसतं उत्तर लिहिणारा चुकला तर सगळंच जातं. शिवाय "कृती पूर्ण करा" या प्रश्नांत पायऱ्या छापलेल्याच असतात, मधल्या चौकटी भरायच्या असतात. एकदम उत्तरावर उडी मारायची सवय असलेली मुलं तिथे गोंधळतात, कारण तिथे दुसऱ्याच्या वाटेने चालावं लागतं. भूमितीत तर पायरीशेजारी कारण लिहिल्याशिवाय सिद्धता होतच नाही. आपल्या कोकण विभागाचा निकाल राज्यात वरचढ असतो याचा मला अभिमान आहे, पण त्या निकालात काठावर पास झालेली हुशार मुलंही असतात, आणि मला त्यांचंच वाईट वाटतं.

तिच्या शाळेतल्या शिक्षकांना एकदा भेटा. तक्रार करायला नाही. ती तोंडी कशी सोडवते ते त्यांना दोन मिनिटं ऐकू द्या, बहुतेक ते तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघतील. अवयव पाडण्यात ती कच्ची निघाली, तर ते शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटांत दाखवता येण्यासारखं आहे. त्यालाही क्लास लागत नाही.

वही वेगळी करा, साधी दोनशे पानी चालेल. उजवीकडे समास आखून तिथे कच्चं काम. खोडरबर दोन महिने दप्तराबाहेर ठेवा. चुकलेल्या ओळीवर एक आडवी रेघ आणि खाली बरोबर ओळ, म्हणजे कुठे चुकलं ते आठवड्यानंतरही दिसतं. सुरुवातीला रोज एकच उदाहरण. जास्त नको, नाहीतर ती पुन्हा घाईला लागेल.

आणि एक काम बाबा-लेकीला मिळून द्या. बाबा भरतीची वेळ तिथीवरून काढत असतील. आपल्याकडे जुनी रीत आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पाणी पूर्ण भरणार आणि नऊच्या सुमारास पूर्ण ओसरणार. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. आता मुलीला विचारा, पाऊणपटच का? तिला हे पायऱ्या लिहून शोधू द्या. चांद्रमासात ३० तिथी. तेवढ्यात भरतीची वेळ पुढे सरकत सरकत २४ तास फिरून जागेवर येते. २४ तासांची १,४४० मिनिटं, भागिले ३०, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं. बाबांची रीत धरते पाऊण तास, ४५ मिनिटं. दर तिथीला तीन मिनिटांचा फरक. चतुर्थीला तो १२ मिनिटांचा, होडी लोटताना कुणाच्या लक्षातही येणार नाही. पौर्णिमेला १५ त्रिक ४५ मिनिटांचा. पाऊणपटीने सव्वाअकरा येतात आणि ४८ मिनिटांनी बरोबर बारा.

प्रत्येक बंदरात पाणी थोडं पुढे-मागे भरतं, त्यामुळे तुमच्या गावात यातलं कोणतं जवळ येईल ते मी इथे बसून सांगणार नाही. त्या दोघांनी येत्या प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत रोज घड्याळ बघून वेळ लिहावी, शेजारी पाऊणपटीची वेळ, त्याशेजारी ४८ मिनिटांची. तीन रकाने, पंधरा ओळी. बाबा पौर्णिमेला मनातल्या मनात काही वाढवून धरतात का, तेही तिने विचारावं. आणि पौर्णिमेला पाणी किती वाजता भरलं, ते मला जरूर कळवा.